आकडा बघायचा तो येळवशीला

सुलभा,

परवा वेळ अमावस्या, आपली येळवस, झाली. तुझ्यावाचूनची पहिलीच. विमलकाकूंच्या रानात कडब्याची खोप उभी राहिली, पूजेच्या पाच पांडवांच्या दगडांना चुना लागला, ताकातल्या आंबिलीचं मडकं बाभळीच्या सावलीला आलं. ज्वारी यंदा कमरेच्या वर गेली आहे. सगळं जिथल्या तिथं होतं, आणि मला मात्र कुणी परक्याच्या रानात आणून बसवल्यासारखं वाटत होतं. दरवर्षी जेवणं उरकली की तू पदराला हात पुसत म्हणायचीस, "काढा गं आता मोबाइल, बघू आपलं पीक." परवाही जेवणं उरकली, हात पुसून झाले, आणि सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला तुझा असा राग आला म्हणून सांगू.

तुला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत. दिवाळीचा फराळ डब्यात होता. सकाळी दोरीवर कपडे टाकताना तुझ्या छातीत कळ आली आणि परभणीच्या दवाखान्याचा रस्ता अर्धाही झाला नव्हता. गाडीत मी तुझ्या शेजारीच होते. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. लोक भेटायला येतात आणि तू किती सोशिक होतीस, किती समजूतदार होतीस असं मलाच सांगतात. मी मान डोलावते. तू सोशिक वगैरे काही नव्हतीस. तू हट्टी होतीस, आणि पत्ते खेळताना लबाडी करायचीस.

आपली ओळख भिशीतली. तू या गल्लीत आलीस ते भाऊजी गेल्यावर, नवऱ्याच्या जागी तुला नोकरी लागली तेव्हा, लहानग्या ऋतुजाला कडेवर घेऊन. आपली भिंत एक. मी शाळेतून यायचे, तू ऑफिसातून, आणि भिंतीवरून आधी वाटी जायची, मग बोलणं. भिशी तुझ्या आधीपासूनची होती. महिन्याला एकीच्या घरी जमायचं, पैसे गोळा करायचे, पावडरच्या जुन्या डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम न्यायची. कुणी मिक्सर घेतला, कुणी जोडवी. काही वर्षं तू गपचूप भरत राहिलीस. मग एक दिवस म्हणालीस, "आपण तेच पैसे फिरवून फिरवून एकमेकींच्या पदरात टाकायलोय. ह्याला वाढ कुठं हाय?"

असं बोलणारी बाई आमच्या भिशीत पहिलीच. तू परभणीला जाऊन सगळं विचारून आलीस, प्रत्येकीचं तिच्या स्वतःच्या नावानं खातं काढून दिलंस, आणि भिशीचे पैसे दर महिन्याला बँकेतूनच परस्पर म्युच्युअल फंडात जायला लागले. अडीअडचणीचा पैसा मात्र पोस्टात, त्याला हात लावायचा नाही, हेही तूच ठरवलंस. विमलकाकूंनी विचारलं होतं, "पैसे आपोआप जात्यात तर मग जमायचं कशाला?" तू म्हणालीस, "खायला." तेव्हापासून डब्यातली चिठ्ठी फक्त एवढंच ठरवते की पुढच्या महिन्यात कुणाच्या घरी जमायचं आणि कुणी रांधायचं.

येळवशीचा नियम कसा पडला ते आठवून परवा मी एकटीच हसले. पहिलं वर्ष होतं. आम्ही सगळ्या उठल्याबसल्या मोबाइल उघडायचो. आज एवढे वाढले, आज एवढे गेले. दूधवाल्याशी बोलताना एक डोळा मोबाइलवर. विमलकाकूंनी तर वाढलेला आकडा कौतुकानं जावेला सांगितला, आणि आठ दिवसांत बाजार खाली आला. आपण दोघी त्यांच्याकडं गेलो तर काकू देव्हाऱ्यापुढं मोबाइल ठेवून त्याच्यावरून मीठमिरच्या ओवाळत होत्या.

"काकू, हे काय करायलात?"

"दिसंना का तुला? नजर लागली ह्याला. जाऊबाईचा डोळा लय वाईट हाय."

तू हसून हसून खाली बसलीस. मला वाटलं आता काकू चिडणार. पण तू डोळे पुसून त्यांचा हात धरलास आणि म्हणालीस, "काकू, तुमचं खरं हाय. नजर लागली. पर ती जाऊबाईची न्हाई, आपलीच. आपणच रोज बघून बघून नजर लावायलोय. पेरलेलं कुणी रोज उकरून बघतंय का?"

काकूंना ते पटलं. दुसऱ्या कुणाला पटो न पटो, काकूंना पटलं म्हणजे गल्लीला पटलं. मग तूच ठरवलंस की वर्षातून एकदा येळवशीला आपण रानात पीक बघायला जातोच, त्याच दिवशी हेही बघायचं. एरवी आकडा बघायचा नाही आणि कुणाला सांगायचाही नाही. मी शाळेत मुलांना शेकडेवारी शिकवते, पण हे असं मला कधी सुचलं नसतं.

नियम करणं सोपं असतं. करोनाच्या वर्षी तो कसाला लागला. सगळं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि टीव्हीवर एक माणूस ओरडून सांगतोय की बाजार कोसळला. येळवस होऊन गेली होती, तरी सगळ्यांनी मोबाइल उघडले. मीही उघडला. कितीतरी वर्षांची वाढ एका महिन्यात गायब. एकेक करून सगळ्या तुझ्या दाराशी आल्या, तोंडाला पदर लावून, लांब लांब उभ्या राहिल्या. काढून दे म्हणाल्या. एकजण तर म्हणाली, तूच ह्याच्यात पाडलंस आम्हाला. तुझा चेहरा मला भिंतीवरून दिसत होता. तू एकेकीला एकच विचारत होतीस.

"गरज हाय का भीती हाय?"

विमलकाकूंची गरज होती. काकांचं ऑपरेशन होतं आणि पोस्टातलं पुरत नव्हतं. त्यांचं तू त्याच दिवशी काढायला लावलंस. भाव पडलेला होता तरी एका शब्दानं अडवलं नाहीस, फक्त लागतील तेवढेच काढा म्हणालीस. बाकीच्यांची भीती होती. त्यांना म्हणालीस, "भीती आसल तर वर गच्चीवर या. कुरडया करायच्यात."

त्या उन्हाळ्यात आपल्या गच्चीवर एवढ्या कुरडया झाल्या की अजून माझ्या घरी डब्याच्या तळाला चुरा असेल. प्रत्येकीनं आपापला कोपरा धरला होता. तिसऱ्या दिवशी गव्हाला आंबूस वास सुटला तेव्हा कुणीतरी पुन्हा विषय काढला, अजून पडायलंय म्हणे. तू चीक घाटता घाटता वर न बघता म्हणालीस, "भिजत घातलेला गहू मधीच काढला तर ना गहू राहतो, ना कुरडई होती. आता घातलाय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या." ऊन इतकं होतं की भ्यायलाही कुणाला फुरसत नव्हती. पुढच्या येळवशीपर्यंत सगळं भरून आलं होतं, आणि तू त्याचा तोराही मिरवला नाहीस. मला वाटतं, तूही घाबरलेली होतीस. तुझ्या हाताला चटका बसला होता आणि तुला तो संध्याकाळपर्यंत कळला नव्हता.

आता आपल्या भांडणाचं. ते अर्धं राहिलं आहे आणि मी ते सोडणार नाही.

बाजार पडला की तुझं म्हणणं मला पटायचं. वर गेला की मात्र आपलं वाजायचं. चांगल्या वर्षी येळवशीला आकडा बघून माझे डोळे चमकायचे आणि मी म्हणायचे, काढू की थोडे, विमानात बसू. आपल्या दोघींनाही विमानाचं वेड. संध्याकाळी गच्चीवर वाळवण गोळा करताना हैदराबादकडं जाणारं विमान दिसलं की तू हातातलं टाकून बघत बसायचीस. पण काढू म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं होतं. रिटायर झाल्यावर.

"तवर गुडघे जातील की गं आपले."

"विमानात गुडघ्याचं काय काम? बसूनच तर ऱ्हायचंय."

असं तू हसण्यावारी न्यायचीस. पण गेल्या येळवशीला मी ऐकलं नाही. मी म्हणाले, "सुलभा, तू सगळ्या बाजाराचा हिसाब करतीस, तुझ्या माझ्या वयाचा कधी करतीस?" हरभऱ्याचे घाटे सोलत होतीस, ते तसेच हातात राहिले. मग म्हणालीस, "तुझ्या भाऊजींचं तुला माहीत हाय. ते गेले तवा माझ्या घरात उद्याचं कायीच नव्हतं. सगळं आजचंच होतं. दिराच्या दारात उभी ऱ्हायले मी. ऋतुजानं तसं कुणाच्या दारात उभं ऱ्हाऊ नये." आणि थोड्या वेळानं, माझा चेहरा बघून, "बरं, पुढच्या येळवशीला बोलू आपण विमानाचं. नक्की."

पुढची येळवस परवा होती, सुलभा.

मला तुला तेव्हाच विचारायचं होतं ते राहून गेलं. आम्हाला गरज का भीती विचारत होतीस, ते तू स्वतःला कधी विचारलंस का? आम्ही भिऊन काढायला धावायचो. तू भिऊन ठेवत होतीस. तुझी ती सगळी सबुरी, लांबचं बघ, लांबचं बघ, ती दिराच्या दारातून निघालेली होती आणि मी तिला शहाणपण समजत राहिले. शहाणपण तर ते होतंच. आमची सगळ्यांची उद्याची सोय त्यानंच झाली. माझ्या मुलाच्या शिक्षणाच्या वेळी कुणापुढं मान खाली घालावी लागली नाही, ती तुझ्यामुळं. हे मी तुला एकदाही तोंडानं म्हणाले नाही. शेजारणीला कुणी असं म्हणतं का? वाटी परत देताना ती रिकामी द्यायची नाही, एवढंच आपल्याला ठाऊक.

तेराव्यानंतर ऋतुजा आठ दिवस राहिली. तुझी सगळी गुंतवणूक तिच्या नावावर करायचे कागद तिनं भरले, मी सोबत गेले होते. तेव्हापासून बाजार पुन्हा खाली यायला लागला आहे. तुझ्या गल्लीतल्या बायकांना आता एवढं वळण लागलंय की कुणी काही बोलत नाही, पण भाजी निवडताना त्यांचे हात वेगळेच चालतात, मला कळतं. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी ऋतुजा भिंतीपाशी आली. तुझ्यासारखीच उभी राहते, एक पाय दुसऱ्यावर ठेवून.

"मावशी, नावावर झालं की सगळं काढून टाकते मी."

मी तुझाच प्रश्न विचारला. दुसरा मला येतो कुठं? "गरज हाय का भीती हाय?"

"दोन्ही न्हाई," ती म्हणाली. "राग हाय."

मी वाटी भिंतीवर ठेवली.

"मावशी, मला पगार हाय. बाजार पडायलाय म्हणून मी भ्यायले बी न्हाई, आईनं मला तेवढं शिकवलंय. पर तो आकडा बघितला की मला आईनं न घेतलेल्या साड्या दिसत्यात. न केलेला प्रवास दिसतोय. पुढं, पुढं, पुढं. सगळं माझ्या पुढचं. मी कधी मागितलं होतं? ते पैसे हायेत आन् आई न्हाई. मला ते डोळ्यांपुढं नकोत. वर गेले तरी नकोत."

तू आम्हाला भीतीचं औषध दिलंस. हाव सुटली तर काय करायचं तेही सांगितलंस. रागाचं काय करायचं ते तू कधी सांगितलं नव्हतंस, आणि मी तरी तिला काय सांगणार, माझाच राग माझ्यानं आवरत नव्हता. खरं सांगू, तिला म्हणावंसं वाटलं, काढ, सगळं काढ, उधळ, विमानं कर. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. आणि तुझा इतक्या वर्षांचा गहू मधेच उपसला गेला असता. मी एवढंच म्हणाले, "येळवशीला ये. तवर कायी करू नको. आईला जे काही बघायचं असायचं ते ती येळवशीलाच बघायची."

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. पण परवा सकाळच्या गाडीनं आली. तुझी बटव्यासारखी शिवलेली कापडी पिशवी खांद्याला होती, त्यात तुझा मोबाइल. विमलकाकूंनी तिला जवळ घेतलं आणि दोघी खोपीपाशी किती वेळ नुसत्या उभ्या होत्या. मग काकूंनी तिला पांडवांपुढं बसवलं, पालेभाज्यांच्या भज्जीचा घास भरवला, आंबील प्यायला लावली. लहानपणी नको म्हणून रानभर पळायची ती आंबील तिनं परवा मुकाट्यानं दोनदा घेतली.

तर जेवणं उरकली आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, इथून मी हे लिहायला सुरुवात केली होती. तुझं वाक्य माझ्या तोंडून निघेना. शेवटी ऋतुजाच म्हणाली, "काढा की मोबाइल. आई म्हणायची तसं." सगळ्यांनी काढले, उघडले. खाली होतं. बरंच खाली होतं. एकीनं नुसतं "हं" केलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आसूं दे. रान तर उभं हाय." आणि सगळ्यांचे मोबाइल परत पिशव्यांत गेले. तू असतीस तर तुला केवढा अभिमान वाटला असता, आणि तू तो अजिबात दाखवला नसतास.

ऋतुजा तुझा मोबाइल हातात धरून बसली होती. उघडला नव्हता.

मग पावडरचा डबा निघाला, तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. पुढच्या महिन्याची चिठ्ठी येळवशीलाही काढायचीच असते. डबा माझ्या हातात दिला आणि मला एकदम आठवलं की त्यात तुझी चिठ्ठी आहे. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, किंवा सगळ्यांच्या लक्षात होतं आणि कुणाचं धाडस नव्हतं. मी झाकण उघडून थांबले. एकजण हळूच म्हणाली, "सुलभाताईची काढून ठेवावी का बाजूला? निघाली तर कसं करायचं?" दुसरी म्हणाली, काढायलाच पाहिजे, उगं जिवाला चटका. काकू म्हणाल्या, वर्षाच्या आत घरातलं काही हलवू नये. वाद पेटला नाही, पण धुमसला. आपल्याकडं कुठल्याच गोष्टीवर सगळ्या एकदम हो म्हणत नाहीत, तुला माहीतच आहे.

ऋतुजा ऐकत होती. ती म्हणाली, "मावशी, निघाली तर मी येईन पुण्याहून. घर उघडते, सैपाक करते. आईसारखी भज्जी व्हायची न्हाई, पर करते." मग तिनं हातातल्या मोबाइलकडं बघितलं, तो न उघडताच पिशवीत टाकला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग. दोन्ही ऱ्हाऊ द्या."

तिचा राग गेला असं मी म्हणणार नाही. माझाही गेलेला नाही. विमानाचं भांडण माझ्याकडं तसंच आहे, आणि ते मी एकटीनं किती वर्षं भांडायचं ते मला कळत नाही. कदाचित एक दिवस थोडे पैसे काढून मी जाईन, आणि खिडकीशी बसून तुला शिव्या देईन. ती गरज म्हणायची की आणखी काही, हे विचारायला तू नसशील. भाव खाली गेला की तू म्हणायचीस, विकलं नाही तोवर काहीच गेलेलं नाही. ते मला फार पटायचं. आता सकाळी दूध तापवताना भिंतीकडं लक्ष जातं आणि जे गेलं आहे ते गेलंच आहे. हे कुठल्या येळवशीला भरून येणार नाही.

मी डबा हलवला आणि डोळे मिटून आत हात घातला. नाव निघालं ते माझंच. पुढच्या महिन्यात सगळ्या माझ्या घरी. पण चिठ्ठी उचलायच्या आधी क्षणभर माझा हात आतच राहिला होता. बोटांना सगळ्या घड्या सारख्याच लागत होत्या. त्यातली एक तुझी होती. कुठली ते मला ओळखता आलं नाही, आणि मी उकरूनही बघितलं नाही.